चाळीस डझन वह्या

२ मे, शुक्रवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. त्यासाठी नवीन वही घेतली नाही. मागच्या वर्षीच्या माझ्या टाचण वहीत एकसष्ट पानं कोरी आहेत. टाचण वहीत शिक्षकानं उद्या काय शिकवणार ते रोज लिहायचं असतं. एकसष्ट पानं उरली ती माझ्या काटकसरीमुळं.

कारण असं. काल माझ्या पोरीचा, अबोलीचा निकाल लागला. तिसरी पास. निकालासोबत तिच्या इंग्लिश शाळेनं चौथीच्या सामानाची यादी हातात ठेवली. पुस्तकं, वर्कबुकं, वह्या अठरा, गणवेश दोन, खेळाचा गणवेश वेगळा, काळे बूट, पांढरे बूट, टाय, बेल्ट, मोजे, दप्तर, रंगाच्या दोन पेट्या. एकूण सात हजार आठशे पन्नास. दुकान एकच. संच मोडून मिळणार नाही.

माझं मानधन सोळा हजार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक आहे. म्हणजे शिक्षकच, फक्त पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. लोकांना हा फरक कळत नाही. घरमालकाला कळतो.

माझ्या बायकोनं, साक्षीनं, लग्नसराईत ब्लाउज शिवून आठ हजार दोनशे जमवलेत. पिठाच्या डब्यात, पिठाखाली, पिशवीत ठेवलेत. ती म्हणाली, पैसे हायेत, जाऊन संच घेऊन येऊ, विषय संपला. मी म्हणालो, विषय तर आता सुरू झाला.

संकल्प: यंदा अबोलीचं सगळं सामान अडीच हजारात. बाकीचे पैसे डब्यात जशाला तसे. बाहेरचे लोक फसतात. मी शिक्षण खात्यातला माणूस, मला हा धंदा आतून माहीत आहे.

अबोलीला विचारलं, तुला काय पाहिजे. ती म्हणाली, एक नवीन वही. दरवर्षी मी जुन्या वह्यांची उरलेली पानं फाडून दाभणानं शिवून देतो. ती म्हणते, त्या वहीला पहिलं पानच नसतं, सगळी मधलीच पानं असतात. नऊ वर्षांच्या पोरीचे हे लाड. बघू म्हणालो.

यादी हरवू नये म्हणून याच पानासमोर खळ लावून पक्की चिकटवली. खळ घरच्या पिठाची. चिकटवताना अबोली काहीतरी सांगून राहिली होती. मी म्हणालो, मोठी माणसं कामात असली की मधी बोलायचं नसतं. गप बसली. शिस्त चांगली आहे पोरीला.

५ मे, सोमवार

सुट्टी फक्त कागदावर. आज वाडीवर पटनोंदणी. आमची शाळा बाळापूरपासून सात किलोमीटरवर, पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, मुलं एकोणीस. शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, वीस झाली तर दुसरा शिक्षक राहील, नाही तर बदली. हेडमास्तर शंकरसिंग सरांची सव्वीस वर्षं नोकरी झाली. दुसरा शिक्षक कोण हे सांगायची गरज नाही.

दारोदार भाषण केलं. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारची खिचडी फुकट आणि शिक्षक तळमळीचे. रुक्माबाई म्हणून एक आजी आहेत. त्यांची नात निलम पिवळ्या गाडीत बसून बाळापूरच्या इंग्लिश शाळेत जाते. त्यांनी भाषण पूर्ण ऐकलं, पाणी दिलं आणि विचारलं, सर, तुमचं लेकरू कोन्या शाळंत हाये?

मी म्हणालो, तो विषय वेगळा आहे.

रुक्माबाई म्हणाल्या, व्हय. थोडा वेळ सुपारी कातरली. मग म्हणाल्या, सगळं फुकट हाये, शिक्षक बी तळमळीचे हायेत, मंग तुमचं लेकरू तुमी काहून आणून नाही राहिले? तुमी आणा, त्याच दिवशी माझी निलम बी आणते.

यांना धोरण समजावून सांगणं कठीण. परत येताना शंकरसिंग सर गाडीवर मागं बसले होते. नाक्यावर उतरताना एवढंच म्हणाले, बुढिया की बात बराबर है. उन्हाचा त्रास होतो त्यांना.

८ मे, गुरुवार

योजना क्रमांक एक: जुनी पुस्तकं.

आमच्या गल्लीतले विष्णुपंत काका पोस्टातून रिटायर झालेले. त्यांची नात अनुश्री त्याच इंग्लिश शाळेतून यंदा चौथी पास झाली. तिची पुस्तकं म्हणजे एक कोपरा दुमडलेला नाही. अशा मुलीची पुस्तकं लोक दिवाळीतच सांगून ठेवतात, निकालानंतर अर्ध्या किमतीत उचलतात. काका म्हणाले, एकाला शब्द देऊन बसलोय.

मी अडीच तास बसलो. त्यांच्या गुडघ्याची हकीकत ऐकली. डाव्या गुडघ्याची संपल्यावर उजव्याची ऐकली. तिसऱ्या चहाला काका म्हणाले, घेऊन जा बाबा. सहाशेला सगळी पुस्तकं, वर चौदा वर्कबुकं तशीच दिली. म्हणाले, ती भरलेली आहेत, रद्दीत टाका.

मी मनात हसलो. भरलेली आहेत, पण पेन्सिलनं. खोडरबर पाच रुपयाला मिळतं. चौदा वर्कबुकं पाच रुपयांत!

११ मे, रविवार

खोडणं चालू. तीन खोडरबरं संपली. माझ्या उजव्या खांद्यात कळ. दोन पानं फाटली, ती मागून कागद लावून नीट केली. काही ठिकाणी छापलेले प्रश्नही गेले. पण उत्तर गेल्यावर प्रश्न ठेवून करायचं काय.

अबोलीला मदतीला घेतलं. तिचा स्पीड फार कमी आहे. खोडायच्या आधी प्रत्येक उत्तर वाचते. म्हणालो, वाचू नको, नुसतं खोड. थोड्या वेळानं म्हणाली, अनुश्रीताईचं इथं चुकलंय. म्हणालो, चुकलेलं पण खोड.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात वंदना. खीर वाटायचं काम माझ्याकडं होतं. वाटता वाटता एकदम सुचलं. ही खीर घरोघर केली असती तर केवढ्याला पडली असती? एका पातेल्यात सगळ्यांची झाली म्हणून परवडली. वह्यांचंही तसंच. सगळ्या पालकांनी मिळून नांदेडहून घाऊक भावात आणायच्या!

शिलाताई रांगेत होत्या, त्यांची पोरगी अबोलीच्याच वर्गात. त्यांना तिथंच योजना सांगितली. त्या म्हणाल्या, सर, रांग थांबली.

योजना क्रमांक दोन मंजूर.

१५ मे, गुरुवार

व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. ‘पालक एकता (चौथी)’. एकतीस पालक. मी मेसेज टाकला, दुकानात वही चाळीसला, आपण पंचवीसच्या आत आणू, कोण कोण तयार? एकोणतीस अंगठे आले. दोन नमस्कार. एका पालकानं शिवजयंतीचा फोटो टाकला, तोही पाठिंबाच समजलो.

साक्षी म्हणाली, अंगठा दाखवायला पैसे लागत नाहीत, आधी पैसे गोळा करा. मी म्हणालो, माणसांवर भरोसा ठेवावा लागतो. ती म्हणाली, ठेवा, पण डब्यातले पैसे ठेवू नका.

१८ मे, रविवार

योजना क्रमांक तीन: गणवेश.

पहिलीत अबोलीचा फ्रॉक शिवून घेताना मी मुद्दाम वाढत्या अंगाचा घेतला होता. खाली चार बोटं दुमड. तेव्हा पोरगी त्यात हरवत होती, साक्षी हसत होती. आज दुमड उसवली. फ्रॉक बराबर गुडघ्याखाली आला.

एक बारीक अडचण. तीन वर्षं उन्हात आणि साबणात राहून वरचा भाग फिका झाला, दुमडीतला भाग कोराकरकरीत निळा आहे. साक्षी म्हणाली, काठपदराचा फ्रॉक झाला. त्यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. सगळा फ्रॉक एकदा रंगात बुडवला की विषय मिटला.

१९ मे, सोमवार

रंगाची पुडी चाळीस रुपये. घमेल्यात पाणी उकळून, मीठ टाकून फ्रॉक सोडला. रंग कापडाला कसा धरतो हे अबोलीला समजावून सांगितलं. समजावणं जरा लांबलं.

फ्रॉकचा रंग वांग्यासारखा झाला. काठ तसाच राहिला. माझा टॉवेल, एक बनियन आणि डावा हात मनगटापर्यंत वांग्याचाच झाला. लांबून पाहिलं तर निळाच वाटतो. मी गल्लीच्या टोकाला जाऊन पाहिलं.

२२ मे, गुरुवार. नांदेड, बसस्टँड. दुपारी ३

फत्ते! व्यापारी म्हणाला, तीस डझन घेतल्या तर चोवीस, चाळीस घेतल्या तर बावीस. मी लगेच चाळीस म्हणालो. तो जरा वेळ माझ्याकडं बघतच राहिला. असं गिऱ्हाईक त्याला रोज भेटत नसेल.

एकतीस पालक गुणिले दीड डझन म्हणजे सेहेचाळीस डझन लागतात. मी चाळीसच घेतल्या. सावधगिरी म्हणून.

सगळ्या एकरेघी आहेत. चौकटीच्या आणि दुरेघी महाग होत्या. रेघा काय, मुलं पट्टीनं मारू शकतात, हातालाही वळण लागतं.

पैसे दहा हजार पाचशे साठ. डब्यातले आठ हजार दोनशे आणि माझे उरलेसुरले. डब्याचं साक्षीला सांगितलं नाही. रविवारी पैसे परत जागेवर. पिठाखाली तिला दिसतही नाही.

कंडक्टरनं सामानाचं तिकीट लावलं. मी म्हणालो, विद्येची साधनं आहेत. तो म्हणाला, किलोवर आहे.

२५ मे, रविवार. सकाळी ९

दहा वाजता वाटप. दारात सतरंजी टाकली. टेबलावर रजिस्टर. अबोलीनं दारावर कागद लावला, ‘पालकांचे स्वागत’. एकतीस कप चहाचं दूध आणलं.

तोच दिवस. दुपारी २

तीन पालक आले. पहिल्यांनी फोटो काढला, म्हणाले, उपक्रम छान आहे. दुसऱ्यांनी दोन वह्या सँपल म्हणून नेल्या. तिसऱ्या शिलाताई.

शिलाताई बिचाऱ्या दारात उभ्या राहून चाचरत म्हणाल्या, सर, वह्या तर शाळेच्याच लागतात, शाळेचं नाव छापलेल्या. यादीच्या मागं लिहिलंय ना.

मी म्हणालो, मागं?

त्यांनी पर्समधून यादी काढली आणि उलटी केली. मी म्हणालो, माझ्या यादीला मागची बाजू नाही.

त्या गेल्यावर रोजनिशीचं पहिलं पान ओल्या फडक्यानं भिजवलं. माझी खळ पक्की असते. तुकड्या तुकड्यानं निघालं, पण वाचता आलं. सूचना अशा. वह्या शाळेच्याच. वर्कबुक नव्या आवृत्तीचंच. यंदा चौथीपासून गणवेशाचा रंग चॉकलेटी. संचाची पावती सोळा जूनच्या आत ऑफिसात दाखवावी, नाही तर विद्यार्थ्याला वर्गात बसू देणार नाही.

अबोलीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, व्हय. दोन तारखेला तेच सांगत होते.

एकतीस कप दुधाचं दही लावलं.

२६ मे, सोमवार

साक्षीनं पिठाचा डबा उघडला. भाकरीचं पीठ काढायला नाही, पैसे मोजायला.

डबा जागेवर ठेवला. मशीनवर जाऊन बसली. आज मशीन जरा जोरात चालू होतं. शिवायला कापड नव्हतं, हे मला नंतर दिसलं.

मला फार वाईट वाटलं. ते पैसे म्हणजे तिचे तीन महिने होते. हे इथं लिहून ठेवतो. तिला सांगायला गेलो तर म्हणाली, मला नका सांगू, शाळेला सांगा.

३ जून, मंगळवार

शाळेच्या ऑफिसात गेलो. समजुतीनं घेतलं. म्हणालो, पावती दोन महिन्यांनी दाखवतो, मी पण शिक्षकच आहे. ऑफिसातल्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, कोणत्या शाळेत? सांगितलं. त्यांनी विचारलं, तिथं तर सगळं फुकट असतं ना सर?

मी घड्याळ बघितलं आणि निघालो. ही रुक्माबाई सगळीकडं पोचली आहे.

५ जून, गुरुवार

वह्या बाजारात विकायचा निर्णय. हा निर्णय नाइलाजानं नाही. सामान्य माणसापर्यंत थेट पोचणं गरजेचं आहे.

भाजीवाल्यांच्या रांगेत चादर टाकली. शेजारी रूपाबाई म्हणून मिरचीवाल्या होत्या. त्यांनी जागा करून दिली. चार तासांत अकरा वह्या गेल्या. त्यातल्या चार रूपाबाईंनी हिशेबाला घेतल्या. मला म्हणाल्या, असं गप बसून विकतात व्हय? ओरडा की. मी ओरडलो. समोरून माझा वर्गमित्र आला. तो हायकोर्टात वकील आहे. मी वाकून चादर नीट केली. बराच वेळ केली.

स्टेशनरीवाला आला आणि सगळा माल नऊ रुपये भावानं मागितला. मी बाणेदारपणे नाही म्हणालो.

६ जून, शुक्रवार

स्टेशनरीवाल्याकडं गेलो. तो आता सात म्हणून राहिला. मी परत नाही म्हणालो. बाणा एकदा दाखवला की टिकवावा लागतो.

८ जून, रविवार

अबोलीला समोर बसवून माझ्या लहानपणाची गोष्ट सांगितली. पुस्तकं खताच्या पोत्याच्या पिशवीत, पायात चप्पल नाही, रोज पाच किलोमीटर. साक्षी आतून म्हणाली, मागच्या वर्षी या गोष्टीत चप्पल होती. मी म्हणालो, मुद्दा चपलेचा नाही. ती म्हणाली, आणि तीन किलोमीटर होते.

अबोलीनं एकच विचारलं. पावती नसली तर वर्गाच्या बाहेर बसवतात का घरी पाठवतात?

मी म्हणालो, सोळा तारखेच्या आत काहीतरी होईल. ती म्हणाली, बाहेर बसवलं तर चालेल, पण मैत्रिणींच्या समोर घरी पाठवलं तर नको वाटते.

आज जास्त लिहीत नाही.

१२ जून, गुरुवार

मानधन आलं नाही. मागच्या महिन्याचं. चौकशी केली, म्हणाले, येऊन राहिलं. कुठवर आलं ते माहीत नाही.

विष्णुपंत काकांकडं उसने मागायला गेलो. त्यांनी पाठीचं दुखणं काढलं. दीड तास ऐकलं. ते संपलं तेव्हा मागायची हिंमतही संपली होती.

शंकरसिंग सरांचा फोन. पट एकोणीसच. म्हणाले, एक बच्चा कहीं से भी लाओ, नहीं तो तुम्हारा बिस्तरा बंध गया. मी म्हणालो, प्रयत्न चालू आहेत.

१३ जून, शुक्रवार

घरात अजून चारशे सदुसष्ट वह्या. पलंगाखाली, कपाटावर, मशीनच्या खाली. साक्षीनं एका कागदावर सही मागितली. मी दर चौदा केला तर काय होईल याचा हिशेब करत होतो, सही करून दिली. ती म्हणाली, वाचा तरी. म्हणालो, तुझ्यावर भरोसा आहे.

१५ जून, रविवार

अंतिम योजना. उद्या अबोलीला थोडी कणकण आहे असं शाळेला कळवायचं. चार-पाच दिवस कणकण राहील. तोवर मानधन येईल, संच घेऊ, पावती दाखवू. पोरीची बेइज्जती नाही, माझा शब्द मोडला नाही, सगळ्यांचं भलं.

साक्षीला सांगितलं. ती दप्तर शिवत होती. ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांचं, हिरवं, जांभळं, किरमिजी, जरीचा एक तुकडा वर. नुसती हुं म्हणाली. पटलेलं दिसतं.

१६ जून, सोमवार. सायंकाळी ५.३०

आज आमच्या शाळेचा पहिला दिवस. प्रवेशोत्सव. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, फुगे, गुलाबाची फुलं, पहिलीच्या पोरांना बैलगाडीतून गावात फिरवलं. साहेबांचा माणूस पट लिहून न्यायला आला होता. मी भाषण केलं. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, शिक्षक तळमळीचे. इथवर आलो आणि फाटकात ऑटो थांबला.

साक्षी उतरली. मागून अबोली. अंगात वांगी रंगाचा फ्रॉक, खाली निळा काठ. पाठीवर तुकड्यांचं दप्तर.

भाषण तिथंच थांबलं.

साक्षीनं शंकरसिंग सरांच्या हातात दाखला दिला. इंग्लिश शाळेतून शनिवारीच काढून आणला होता. अर्जावर माझी सही होती. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, लिहून दिलं होतं की. समोरच्या बाजूलाच.

शंकरसिंग सरांनी रजिस्टर उघडलं. विसावं नाव लिहिलं आणि दोन वेळा खाली रेघ मारली. मला म्हणाले, बच गए मास्टर. साहेबांच्या माणसानं आकडा घेतला. अबोलीला गुलाबाचं फूल माझ्याच हातून द्यायला लावलं. तिनं ते घेतलं, थँक्यू सर म्हणाली आणि चौथीच्या रांगेत जाऊन बसली.

अर्ध्या तासानं रुक्माबाई आल्या. निलमचा हात धरून. म्हणाल्या, शब्द म्हंजे शब्द. पट एकवीस.

खोटं कशाला लिहू, माझी पटनोंदणी यशस्वी झाली.

वह्या साक्षीनं ऑटोतून आणल्या होत्या. सगळ्या. घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणाली. शंकरसिंग सरांनी जाहीर केलं की साक्षीताईंच्या शिवणाच्या कमाईतून शाळेला वह्या मिळाल्या आहेत. टाळ्या झाल्या. प्रत्येक लेकराला बावीस वह्या आल्या. पोरं त्या उचलू शकत नव्हती. अबोलीनं एकच घेतली. पहिलं पान उघडून बराच वेळ हात फिरवत राहिली.

मग तास. चौथीचं गणित मी घेतो. फळ्यावर उदाहरण लिहिलं. लिहून व्हायच्या आधी अबोलीनं उत्तर सांगितलं. दुसरं लिहिलं, तेही सांगितलं. चौदा वर्कबुकांतली उत्तरं एकेक वाचून खोडलेली, सगळी पाठ. निलम तिच्याकडं तोंड उघडून बघत होती. मला अभिमान वाटला. शिक्षक कोण आहे ते शेवटी दिसतंच.

तेवढ्यात तिनं हात वर केला. विचारलं, सर, तुम्ही सांगता ही शाळा चांगली आहे, तर मला आधी काहून आणलं नाही?

रुक्माबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. शेजारच्या वर्गात शंकरसिंग सर पाढे म्हणून घेत होते, तेही थांबले.

मी म्हणालो, हा प्रश्न धड्यातला नाही.

ती म्हणाली, व्हय सर. आणि तो प्रश्न तिनं नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. खाली उत्तराला चार ओळी सोडल्या.

आता घरी आलो. साक्षी मशीनवर आहे, आज कापड आहे. अबोलीनं ती वही माझ्यासमोर आणून ठेवली. सोबत पेन्सिल. पेननं लिहू नका पप्पा म्हणाली, पेन्सिलनं लिहा, चुकलं तर खोडता येतं.